मेंदूच्या रक्षणासाठी आहारातील स्निग्धाम्ले: मराठवाड्याच्या स्वयंपाकघरातून पायरीपायरीने

औसा तालुक्यातील माझ्या आत्यांची भाकरी कधी बिघडल्याचे कुणाला आठवत नाही. चुलीपुढे बसल्या की एक भाकरी काथवटीत थापणे, दुसरीला तव्यावर पाणी लावणे आणि तिसरी निखाऱ्यावर फुगवणे, ही तिन्ही कामे त्यांचे हात एकाच लयीत करीत असत. पंच्याहत्तरीनंतर एका सकाळी त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि पुढे काय करायचे ते त्यांना सुचेना. भाकरी करपली तरी हात तसाच थांबलेला होता. घरच्यांनी ‘वय झालं’ म्हणून विषय सोडला आणि जवळच्या दवाखान्यातूनही तेच उत्तर मिळाले. जवळपास वर्षभराने रक्त तपासले तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व फार कमी निघाले. उपचारानंतर बोलण्यात आणि चालण्यात बराच फरक पडला, पण जे वाया गेले ते वर्ष परत आले नाही.

तेव्हापासून नातेवाईक एकच प्रश्न विचारतात, की अशी वेळ येऊ नये म्हणून ताटात काय असावे. त्या प्रश्नाचा तेलाशी आणि स्निग्धाम्लांशी, म्हणजे तेला-तुपातील मूळ घटकांशी (फॅटी अ‍ॅसिड), असलेला भाग या लेखात मांडला आहे. यातील बहुतेक गोष्टी आपल्या आठवडी बाजारात मिळतात आणि त्यांसाठी महागड्या डब्यांची किंवा परदेशी बियांची गरज पडत नाही.

अपेक्षा किती ठेवावी

भारतातील साठ वर्षांवरील लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून पुढे आला. यातील काहींना अल्झायमर असतो, काहींच्या मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात आणि अनेकांमध्ये ही दोन्ही कारणे एकत्र असतात.

स्निग्धाम्लांविषयीचा पुरावा दोन प्रकारचा आहे आणि तो एकमेकांत मिसळू नये. पहिला पुरावा माणसांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून मिळालेला आहे. अमेरिकेतील शिकागो येथे ६५ ते ९४ वर्षे वयाच्या ८१५ लोकांची पाहणी झाली होती व तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून किमान एकदा मासे खाणाऱ्यांमध्ये अल्झायमरचे प्रमाण क्वचितच मासे खाणाऱ्यांपेक्षा सुमारे ६० टक्के कमी आढळले. दुसरा पुरावा प्रत्यक्ष प्रयोगांचा आहे आणि तो बराच संमिश्र आहे. सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या ४०२ रुग्णांवरील, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज दोन ग्रॅम डीएचए (माशांत आढळणारे ओमेगा-३ कुळातील स्निग्धाम्ल) अठरा महिने देऊनही आजाराची गती मंदावली नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, आजार नसलेल्या पण वयोमानाने स्मरण थोडे कमी झालेल्या ४८५ जणांना रोज ९०० मिलिग्रॅम डीएचए चोवीस आठवडे दिल्यावर शिकण्याच्या आणि लक्षात ठेवण्याच्या चाचणीत सुधारणा दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी ओमेगा-३ च्या गोळ्यांची शिफारस केलेली नाही, मात्र संतुलित आहाराची आहे.

माझ्या मते यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. स्निग्धाम्ले हे बरे करणारे औषध नाही. ती चाळिशी-पन्नाशीपासून रोजच्या ताटात शांतपणे असायला हवीत, आणि ती अन्नातून यावीत. रुग्णाच्या घरी जवसाचा डबा पोहोचवून ‘आता बरे वाटेल’ असे कुणी सांगत असेल, तर त्या कुटुंबावर तो अन्याय आहे.

तेल मेंदूपर्यंत कसे पोहोचते

मेंदूतील पाणी वगळले तर उरलेल्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध असतो. पेशींचे आवरण या स्निग्धाचेच बनलेले असते आणि ते पुरेसे लवचीक राहिले तरच एका पेशीचा संदेश दुसरीपर्यंत नीट जातो. ही लवचिकता राखणाऱ्या घटकांपैकी डीएचए हे ओमेगा-३ कुळातील लांब साखळीचे स्निग्धाम्ल सर्वांत महत्त्वाचे आहे. मेंदू ते स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही, म्हणून रक्तातून उचलून घेतो. त्यासाठी रक्त आणि मेंदू यांच्या सीमेवर असलेले एक खास वाहक प्रथिन सिंगापूरमधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले.

जमिनीवरच्या वनस्पतींमध्ये डीएचए नसते. जवसात, सोयाबीनमध्ये, मोहरीत आणि अक्रोडात त्याचे मूळ रूप असते, त्याला अल्फा-लिनोलेनिक आम्ल म्हणतात. आपले यकृत त्यापासून डीएचए बनवते, पण फारच थोडे, बहुधा शंभरात एक भागही नाही. स्त्रियांमध्ये हे रूपांतर पुरुषांपेक्षा काहीसे जास्त होते. करडई, सूर्यफूल, सरकी आणि कारळ यांच्या तेलांत मुख्यत्वे लिनोलेइक आम्ल असते, ते ओमेगा-६ कुळातील आहे. ही दोन्ही कुळे शरीरातील एकाच विकरांवर, म्हणजे रासायनिक बदल घडवणाऱ्या प्रथिनांवर, अवलंबून असतात, त्यामुळे एकाचा पूर आणि दुसऱ्याचा दुष्काळ असेल तर आधीच अपुरे असलेले रूपांतर आणखी घटते.

दुसरा मार्ग रक्तवाहिन्यांचा आहे आणि मला तो अधिक भरवशाचा वाटतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंशावरील आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी चौदा कारणे मांडली आणि ती सर्व दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील असे म्हटले. त्या यादीत वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, त्या वर्षी नव्याने आले. संपृक्त, म्हणजे तुपासारख्या थिजणाऱ्या, स्निग्धाच्या जागी असंपृक्त, पातळ राहणारे तेल घेतल्यास एलडीएल उतरते, ही गोष्ट पुष्कळ वर्षांपासून सिद्ध आहे. म्हणूनच हृदयासाठी योग्य असलेले तेल मेंदूलाही उपकारक ठरते.

पहिली पायरी: घरात कोणते तेल आहे ते पाहा

आपल्या भागात करडईला मोठी परंपरा आहे. ज्वारीच्या पेरणीत करडईचे पाटे असत, आणि शेताच्या कडेने तिची काटेरी रांग लावली की जनावर आत शिरत नसे. कोवळ्या पानांची भाजी आणि पुढे बोंडांचे तेल, दोन्ही घरात येई. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे परभणी कुसुम आणि लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्राने जवसाचे लातूर जवस-९३ हे वाण दिले. पुढे सोयाबीन आणि हरभऱ्याने रान व्यापले, आणि करडई, जवस, कारळ ही तिन्ही बांधावरून हटली.

नेहमीच्या करडई तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते आणि ओमेगा-३ जवळजवळ नसते. म्हणजे ते एलडीएल उतरवण्यासाठी चांगले आहे, मात्र मेंदूला हवे असलेले दुसरे कूळ त्यात नाही. सूर्यफुलाचेही तसेच आहे. शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल जास्त असते, ते तापवल्यावर तुलनेने टिकते, पण ओमेगा-३ त्यातही नाही. सोयाबीन तेलात मात्र सुमारे सात टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, आणि मोहरीच्या तेलात त्याहून थोडे जास्त. लातूरच्या बाजारात सहज मिळणारे सोयाबीन तेल रोज चार चमचे पोटात जात असेल, तर साधारण एक ग्रॅमच्या वर ओमेगा-३ त्यातूनच मिळते. त्यामुळे सोयाबीन तेल वापरणाऱ्या घराने ‘आमचे तेल वाईट’ असे मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

माझी सूचना अशी आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला अडीच लिटरच्या आत तेल बसवावे, आणि ते एकाच प्रकारचे नसावे. फोडणीसाठी व भाजीसाठी शेंगदाणा किंवा सोयाबीन वापरावे. घाण्यावरचे करडई तेल चटणीवर कच्चे घालण्यासाठी किंवा हलक्या फोडणीसाठी ठेवावे, कारण न शुद्ध केलेले करडई तेल जास्त तापवले की लवकर बिघडते. डब्यावर ‘मिश्र तेल’ किंवा ‘पामोलिन’ लिहिले आहे का ते खरेदीपूर्वी वाचावे.

दुसरी पायरी: जवस परत आणा

या लेखातील सर्वांत सोपी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची पायरी हीच आहे. वेळा अमावास्येला शेतात गेलेल्या जुन्या माणसांना बांधालगत डुलणारी जवसाची निळी फुले आठवतात. त्या इवल्याशा दाण्यात सुमारे चाळीस टक्के तेल असते आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. पोह्याच्या भरलेल्या चमच्यात सात-आठ ग्रॅम पूड मावते आणि तिच्यातून दीड ग्रॅमच्या वर ओमेगा-३ मिळते. प्रौढ स्त्रीला रोज सुमारे १.१ ग्रॅम आणि पुरुषाला १.६ ग्रॅम पुरेसे मानले जाते. म्हणजे माणशी रोज एक चमचा आणि चार जणांच्या घरात महिन्याला एक किलो जवस, एवढाच हिशेब आहे.

खरेदी करताना नवीन पीक बाजारात येते त्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारी-मार्चनंतर, तकतकीत तपकिरी, टणक दाणे घ्यावेत. दाताखाली फोडून पाहावे. जुन्या मालाला जुनाट रंगासारखा वास येतो, तो घेऊ नये. रंगाच्या दुकानात लाकडाला लावण्यासाठी मिळणारे जवसाचे तेल, ज्याला सुतार बेलतेल म्हणतात, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची क्षारे मिसळलेली असतात. ते स्वयंपाकघरात कधीही येऊ देऊ नये.

भाजण्याची रीत थोडी निगुतीची आहे. जाड बुडाच्या कढईत पाव किलोच्या वर जवस एका वेळी टाकू नये आणि आच मंद ठेवावी. सुरुवातीला दाणे निसटत राहतात, नंतर एकेक दाणा उडू लागतो आणि तडतडीचा आवाज वाढतो. तो आवाज ओसरू लागला, दाणा किंचित फुगला आणि खमंग वास सुटला की कढई लगेच उतरवावी व जवस ताटात पसरावे, कारण गरम कढईतच राहिले तर ते करपून कडू होते. भाजल्याने कच्च्या जवसातील सायनाइड तयार करू शकणारे नैसर्गिक घटक कमी होतात आणि दळणेही सोपे जाते. दाणा अख्खा गिळला तर त्याचे टणक साल पोटात फुटत नाही आणि तो जसाच्या तसा बाहेर पडतो, म्हणून कुटणे किंवा दळणे आवश्यक आहे.

चटणीसाठी एक वाटी भाजलेले जवस, भाजून घेतलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरे, आवडीप्रमाणे तिखट आणि बेताचे मीठ खलबत्त्यात कुटावे. मिक्सर वापरायचा असेल तर थांबून थांबून फिरवावा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती दह्यात कालवून खावी. तिखट न चालणाऱ्या ज्येष्ठांना नुसती पूड वरणात, ताकात किंवा उकडपेंडीत मिसळून द्यावी.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दळलेले जवस झपाट्याने खवट होते. म्हणून अख्खे जवस हवाबंद डब्यात सावलीत ठेवावे, आठवड्यापुरतेच कुटावे आणि उरलेले शीतकपाटात ठेवावे. खवट चटणी वाया जाऊ नये म्हणून संपवण्याची सवय आपल्या घरांत आहे, ती या बाबतीत मोडावी, कारण बिघडलेल्या तेलातील घटक शरीराला अपायकारक असतात.

सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी, सोबत पाणी भरपूर प्यावे आणि जवसातील तंतूंमुळे औषध शोषले जाण्यात अडथळा येऊ नये म्हणून गोळ्या तासाभराच्या अंतराने घ्याव्यात. ज्यांना गिळायला त्रास होतो, विशेषतः पार्किन्सनच्या रुग्णांना, कोरडी पूड कधीही देऊ नये. ती दह्यात पूर्ण भिजवूनच द्यावी, अन्यथा ठसका लागून जिवावर बेतू शकते.

जवसाची अभ्यासकांच्या जगातील एक नोंद मला फार आशादायक वाटते. स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी नष्ट होणाऱ्या एएलएस या दुर्धर आजाराच्या ४४९ रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रक्तातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल जास्त असलेल्या रुग्णांचा आजार संथ गतीने वाढल्याचे दिसले. हेही निरीक्षणच आहे, उपचाराचा पुरावा नव्हे.

पावसाळ्यात रानात तण म्हणून उपटली जाणारी घोळ हीही पालेभाज्यांमध्ये अल्फा-लिनोलेनिक आम्लाने समृद्ध आहे. तणनाशक न फवारलेल्या शेतातीलच घ्यावी, आणि मूतखड्याचा त्रास असेल तर तिच्यातील ऑक्झॅलेटमुळे बेतानेच खावी.

तिसरी पायरी: मासे खाणाऱ्यांनी

डीएचए थेट मिळवण्याचा सर्वांत सरळ मार्ग मासा हाच आहे. समुद्रातील बांगडा आणि तारली हे तेलकट मासे यात अग्रेसर आहेत. पैठणच्या नाथसागरातून येणारे रोहू आणि कटला हे गोड्या पाण्यातील मासे प्रथिनांसाठी उत्तम आहेत, पण त्यांत डीएचए त्यामानाने बरेच कमी असते. बर्फातला ताजा बांगडा मिळत असेल तर आठवड्यातून दोनदा घ्यावा, नसेल तर स्थानिक मासाही ताटात असू द्यावा.

मासा रश्श्यात शिजवावा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजावा. भरपूर तेलात तळल्यास माशातील ओमेगा-३ कमी होते आणि तळणीचे ओमेगा-६ आत शिरते. आठवडी बाजारातील सुकट आणि सुके बोंबील चवीला चांगले असले तरी त्यांत बरेचदा मीठ जास्त असते. उच्च रक्तदाब हे स्वतःच स्मृतिभ्रंशाचे मोठे कारण असल्याने ते पाण्यात धुऊन, क्वचितच खावेत.

चौथी पायरी: माळकरी आणि शाकाहारी घरांसाठी

मराठवाड्यात वारकरी घरे गावोगावी आहेत आणि त्यांना मासे खा असे सांगण्यात अर्थ नाही. मासाही डीएचए स्वतः फारसे बनवत नाही, ते मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म शेवाळातून अन्नसाखळीतून त्याच्यात येते. त्याच शेवाळापासून काढलेले डीएचए कॅप्सूलमध्ये मिळते. ४८५ जणांच्या ज्या प्रयोगाचा वर उल्लेख केला, त्यात शेवाळाचेच डीएचए वापरले होते. कॅप्सूलचे आवरण प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनचे नाही ना हे मात्र वेष्टणावर पाहावे. ही कॅप्सूल प्रत्येकाने घ्यावी असे मी म्हणणार नाही. रोजचा जवसाचा चमचा आधी, आणि कॅप्सूलचा विचार डॉक्टरांशी बोलून नंतर.

याहून निकडीची गोष्ट ब-१२ ची आहे. ऑक्सफर्ड येथे स्मरण थोडे कमी झालेल्या ज्येष्ठांना ब-१२, ब-६ आणि फोलिक आम्ल देऊन मेंदू आक्रसण्याचा वेग मोजला गेला. २०१५ मध्ये त्याच माहितीचे पुन्हा विश्लेषण झाले तेव्हा असे आढळले की ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ पुरेसे होते त्यांच्यातच या जीवनसत्त्वांचा उपयोग झाला, ज्यांच्यात ते कमी होते त्यांच्यात झाला नाही. म्हणजे ही दोन्ही एकमेकांच्या आधाराने काम करतात. दूध-दही कमी खाणाऱ्या शाकाहारी व्यक्तीने आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या प्रत्येकाने ब-१२ तपासून घ्यावे. आत्यांच्या बाबतीत ही एक साधी तपासणी वर्षभर आधी व्हायला हवी होती.

पाचवी पायरी: काय कमी करावे

वनस्पती तूप आणि त्यात बनलेले खारी, टोस्ट, पॅटिस यांतील ट्रान्स-स्निग्धाम्ले (तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारी) सर्वांत आधी बाहेर काढावीत. जपानमधील हिसायामा गावातील १,६२८ ज्येष्ठांच्या अभ्यासात, रक्तात औद्योगिक ट्रान्स-स्निग्धाम्ल जास्त असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक असल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातील ट्रान्स-स्निग्धाची मर्यादा दोन टक्के आहे, पण सुट्या मालावर कोणतेही लेबल नसते.

तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवणे हा दुसरा मुद्दा. सणाच्या दिवशी पुऱ्या-भज्यांनंतर उरलेले तेल गाळून एकदा भाजीला वापरता येईल, मात्र ते काळपट, चिकट किंवा फेसाळ झाले असेल तर टाकून द्यावे. साजूक तुपाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त असतो. पुरणपोळीवरची धार कुणी बंद करू नये, पण रोज वाटीभर तूप ‘मेंदूला चांगले’ म्हणून खाण्यास माझा विरोध आहे.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी ओमेगा-३ च्या कॅप्सूल स्वतःहून सुरू करू नयेत. जास्त मात्रेच्या कॅप्सूलमुळे अनियमित ठोक्यांचा धोका वाढल्याचे प्रयोगांत दिसले आहे. ताटातील एक चमचा जवस ही वेगळी गोष्ट आहे, तरी डॉक्टरांच्या कानावर ती घालावी.

घरातील ज्येष्ठ माणूस वर्षानुवर्षे केलेल्या कामाचा क्रम विसरू लागला, हिशेबात गोंधळू लागला, ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागला किंवा तेच तेच विचारू लागला, तर आहार बदलून वाट पाहत बसू नये. कोणते काम, कोणत्या दिवशी, नेमके कुठे अडले हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या पिशवीत घ्याव्यात आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. ब-१२, थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, कानाची आणि डोळ्यांची तपासणी, एवढ्या गोष्टी पहिल्याच भेटीत आपण होऊन मागाव्यात, आणि ‘वय झालं’ एवढेच उत्तर मिळाले तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावे.